आठ हजार पावलं

ढवळेकाका मंगळवारी वारले. पण ते राहू द्या. सरकारी नोंदीप्रमाणे ते बागेत फिरतायत, कारण पायांत ज्येष्ठांना सक्तीची, आपोआप चालणारी विजार आहे. तोंडात तुळशीपत्र ठेवायला इंदूकाकू त्यांच्यामागे तीन चकरा धावल्या.

"डॉक्टर, अहो, हे गेले हो! विजार थांबवा, तिरडी बांधून झालीय."

"काकू, रोज आठ हजार पावलं चालणारा माणूस जाईल कसा? तुमचीच बघा, जेमतेम बाराशे!" म्हणत बागेतल्या सरकारी फिजिओथेरपिस्टने त्यांनाही विजार चढवली.

काकूंनी मग चालता चालताच अर्ज लिहिला: "महोदय, माझे यजमान दमले आहेत. त्यांना आडवे होण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."