द्रौपदीचा हंडा

“हात लावशील तर बघ!” शकुने द्रौपदीच्या हातातला हंडा ओढून घेतला. “सातव्यात हंडे उचलतेस? अक्कल विकून खाल्लीस काय गं?”

नळावरच्या बायका हसल्या. द्रौपदीही हसली. मुलुंडच्या त्या चाळीत गेले तीन महिने तिने हंडा उचलला नव्हता, आणि तीन महिने ती अशीच हसत होती.

तिला दिवस गेलेले नव्हते. तिच्या किडन्या गेल्या होत्या. बेंबीशेजारून पोटात एक नळी बसवली होती. दिवसातून चार वेळा खोलीचं दार लावून ती त्या नळीतून दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडायची. आधीचं काढलेलं पाणी तिचा नवरा गुणाजी मोरीत ओतायचा. काडीसारख्या बाईचं पोट एकदम पुढे आलं, ते पदरात लपेना. लग्नाला सोळा वर्षं झालेली. चाळीने आपापसांत काय ते ठरवलं आणि पेढे मागितले. द्रौपदी ‘हो’ म्हणाली नाही. ‘नाही’ म्हणायचं तेवढं राहून गेलं. नळी आहे असं सांगितलं असतं तर नळावर तिच्या हंड्याला हंडा कोणी लावला असता?

गंमत अशी, की डॉक्टरांचं आणि चाळीचं सांगणं जवळजवळ एकच होतं. वजन उचलू नकोस. बसून जोर करू नकोस. रोज चाल. डॉक्टरांनी वर एक सांगितलं होतं. “चालायच्या आधी पोटातलं पाणी काढून टाका. नळी पट्टीने नीट बांधा. परत आल्यावर नवीन भरा. तुमचं पोट नाजूक आहे.”

पण संध्याकाळी सहाला सपाट पोट घेऊन चाळीसमोरून जाणार कशी? तिच्या एका बाजूला शकु असायची, दुसऱ्या बाजूला शेजारची कुंदा. मैदानाला तीन फेऱ्या. भरल्या पोटाने द्रौपदी चालायची. कंबर तुटायची. त्या दोघी म्हणायच्या, “पोरगा आहे. पोरगाच कंबर धरतो.”

मागच्या आठवड्यात नळीशेजारी लिंबाएवढा फुगवटा आला. डॉक्टरांनी तो दाबून पाहिला.

“चालताना पोट रिकामं ठेवता ना?”

“हो.”

“मग हे कसं आलं? वाढलं तर नळी काढावी लागेल.”

नळी काढल्यावर पुढे काय, ते डॉक्टर बोलले नाहीत.

आणि आता रविवारी ओटी भरायची ठरली होती. शकुने हिरवी साडीसुद्धा आणून ठेवली होती.

नळावरून द्रौपदी तडक शेवटच्या खोलीत गेली. शेवंतीमावशी मूळची कोकणातली, तीस वर्षं इस्पितळात आया होती. चाळीतली निम्मी पोरं तिच्या हातांवर झालेली. ती चष्मा नाकावर घेऊन जुन्या लुगड्याचं काहीतरी शिवत बसली होती.

“मावशी, मला दिवस गेलेले नाहीत.”

“माका ठाऊक आसा.” मावशीची सुई थांबली नाही. “तुझा नवरा मोरीत काय ओततो, ते मला कळत नाही होय? शकुला मीच सांगितलं, द्रौपदीला दिवस गेलेत म्हणून.”

द्रौपदी तिच्यासमोर बसली. “तुम्ही?”

मावशीने दोरा दातांनी तोडला. हातातली वस्तू तिच्या मांडीवर टाकली. कापूस भरलेली छोटी गोल उशी होती. दोन्ही बाजूंना लांब नाड्या.

“उद्यापासून पाणी काढून चालायला जा. नळीला पट्टी, वर ही बांध. सैल हां, नळी दाबू नकोस. मैदानात कंबर धरून चालतेस, बघते ना मी रोज.”

“आणि ओटी? मी कशी घेऊ?”

“सवाष्णीची ओटी कधीही भरतात. देवी काय पोट तपासायला बसलीये?”

“पण मावशी, असं कशाला केलंत?”

“अगो, आजारी बाईचा हंडा लोक चार दिवस उचलतात. पोटुशीचा नऊ महिने.”

द्रौपदीने उशी पोटाशी धरली.

“आणि नऊ महिन्यांनंतर?”

बाहेर शकुने द्रौपदीचा भरलेला हंडा तिच्या दारात आणून ठेवल्याचा आवाज आला. मावशीने चष्मा काढला.

“तोवर त्यांना सवय झालेली असेल.”