तीस वर्षांची काजळी

दर्यापूरला जानराव आणि मैनाबाईंच्या घरी चूल पेटली, की धूर स्वयंपाकघरातच फिरायचा आणि मैनाबाई खोकून बेजार व्हायच्या. नवी सून दामिनी म्हणाली, "मामाजी, धुराडं काजळीनं भरलं. एखाद्या दिवशी आग लागन." जानराव हसले. "तीस वर्षांत काई नाई झालं. तू मले शिकवून राहिली?" दुसऱ्या दिवशी चूल पेटलीच नाही. "स्वयंपाक काहून नाई?" जानराव ओरडले. "चूल थंड पाहिजे, मामाजी!" छपरावरून उत्तर आलं. पदर खोचून, बांबूला चिंध्या बांधून सून धुराडं घासत होती. "आत काईच नाई!" म्हणत जानरावांनी चुलीत डोकं घातलं, अन् तीस वर्षांची काजळी तोंडावर कोसळली. मैनाबाई पोट धरून हसल्या. संध्याकाळी शेजारीण आली. "सूनबाईले आमच्याकडे पाठवता काय?" "मीच येतो," जानराव म्हणाले, "पण खालून पाहाले तुमच्या मालकाले बसवजा."