दिवेलागण

राउटर कपाटामागे गुणगुणत होता, पण दिवे काही ऐकत नव्हते. घड्याळजींनी टेबलावरच्या डबीला पुन्हा बजावलं, "हॉलचा दिवा लाव." डबी गोड आवाजात म्हणाली, "दिव्यांशी संपर्क होत नाही."

परवापासून हेच रडगाणं चाललं होतं. दिवे मुलीने बसवून दिले होते, लांब नोकरीला जाताना. कुठल्या खोलीत दिवा लागला, कधी मालवला, हे तिला तिथे बसून फोनवर कळायचं. संध्याकाळी तुमचे दिवे लागले की जिवात जीव येतो, असं ती म्हणायची. म्हणून घड्याळजी न चुकता तिन्हीसांजेला सगळं घर उजळायचे आणि झोपताना एकेक दिवा मालवायचे. बायको गेल्यापासून घरात बोलायला ती डबीच, आणि तीही विचारलं तेवढंच बोलणारी.

मग मुलीचे फोनवर फोन सुरू झाले. घर अंधारात दिसतंय, तुम्ही बरे आहात ना? घड्याळजी म्हणाले, मी ठणठणीत आहे, तुझे दिवेच आजारी पडलेत. ती हसली नाही. तिला तिथल्या नोकरीत कायमची जागा देऊ केली होती आणि आज उत्तर द्यायचं होतं. तुमचं एकट्याने निभत नसेल तर सगळं गुंडाळून परत येईन, हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं. बोलली की करणारच; आईवर गेली होती.

घड्याळजींना नेमकं तेच नको होतं. तिने शिकून मोठं व्हावं म्हणून त्यांनी चौकातल्या टीचभर दुकानात आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून लोकांची घड्याळं चालती ठेवली होती. दुकान मागच्या वर्षी बंद केलं. हात थरथरतो, असं सगळ्यांना सांगितलं. मुलीलाही तेच.

इंटरनेटवाल्याने आधी फोनवरच भागवायचा प्रयत्न केला. राउटरवर लाल दिवा आहे की हिरवा, एवढंच बघून सांगा, म्हणाला. घड्याळजी जरा थांबले. त्याचं काही खरं नाही, सरड्यासारखा रंग बदलतो, तुम्ही येऊनच बघा, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तो आला तोवर संध्याकाळ झाली होती. घड्याळजींनी त्याच्यासाठी आल्याचा चहा टाकला. आरामखुर्चीत बसून त्याची कपाटामागची खुडबुड ते ऐकत राहिले. घरात दुसऱ्या माणसाच्या चपला वाजत होत्या, खोकला ऐकू येत होता. हे लवकर संपू नये, असं त्यांना मनातून वाटत होतं.

गोम सापडली. इंटरनेट कंपनीने परवा बसवलेला नवा राउटर दोन लहरींवर बोलायचा, एक जलद, एक संथ. दोन्हींचं नाव एकच ठेवल्यामुळे गोंधळ झाला होता. "तुमच्या बल्बांना संथच कळते, काका."

"माझ्यासारखेच आहेत."

तो हसला. सगळे बल्ब भिंतीवरच्या बटणांनी बंद करून आला, संथ लहर वेगळी केली, तिला जुनंच नाव दिलं. मग कुठेतरी एक बटण खटकन वाजलं. "झालं बघा," तो म्हणाला आणि समोरच्या खुर्चीत बसून त्याने चहाचा कप उचलला.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. घड्याळजींनी पहिल्याच घंटीला उचलला.

"बाबा, आला का तो माणूस? लागले का दिवे?"

"लागले ना. हॉलभर लख्ख उजेड पडलाय."

"खरंच? माझ्या फोनवर अजून काहीच येत नाहीये."

"अगं, समोर दिसतंय ते सांगतोय. तू दे त्यांना होकार."

ती भरल्या आवाजात म्हणाली, आत्ताच कळवते. फोन ठेवल्यावर घड्याळजींनी मान मागे टेकली. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं होतं.

समोर इंटरनेटवाल्याने कप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"काका," तो हळू आवाजात म्हणाला, "मी नुसता राउटर चालू केलाय. दिवे अजून लावलेच नाहीत. आपण अंधारात बसलोय."