नाळेचा पंचनामा

समीक्षाला शाळेत प्रवेश मिळाला. दोनदा. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजू. कारण शुक्रवारी सकाळी तालुक्याच्या कचेरीत बाकावर बसून डावा पाय हलवणाऱ्या कृष्णातला ते अजून ठाऊक नव्हतं.

पाय हलायला लागून सतरा दिवस झाले होते. शाळा सोमवारी सुरू होणार होती. शेजारी बायको राजेश्वरी, तिच्या शेजारी सहा वर्षांची समीक्षा, दप्तर पाठीला लावून. ती रोज उठल्याबरोबर दप्तर लावायची आणि विचारायची, "आज?"

कृष्णात गलाईवाला. जुनं सोनं वितळवायचं आणि त्यातली खोट वेगळी काढायची, हा धंदा. तो त्याने बारा वर्षं काठमांडूत केला. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी अंगाला अशा वाड्या आहेत, जिथली माणसं कुठं कुठं भट्ट्या पेटवून बसतात आणि गावात फक्त लग्नाला, जत्रेला आणि जन्माला येतात. नवरा सिलीगुडीत असो की कोचीनला, बायको बाळंतपणाला वाडीतच. कृष्णात-राजेश्वरी अकरा वर्षं त्यासाठी आले नाहीत, कारण तसा प्रसंगच आला नाही. मग काठमांडूच्या अनाथाश्रमातून समीक्षा आली. तिथल्या सरकारने शिक्के मारले, इथल्या सरकारने मारले, आणि तिघं कायमचे गावी परतले.

"जन्मदाखला परदेशातला आहे," टेबलामागचे साहेब पहिल्या खेपेला शाळाप्रवेशाचे कागद चाळून म्हणाले होते. "आधी गावातून दाखला आणा, की या मुलीचा जन्म इथे झालेला नाही."

"त्यावर काठमांडू लिवलंय की, साहेब."

"तिथे जन्मली हे झालं. इथे जन्मली नाही, हे कुठे लिहिलंय?"

कृष्णातने गावी येऊन ग्रामसेवकाला गाठलं.

ग्रामसेवकाने पारावर पंचनामा घेतला. पाच पंच बसवले आणि मजकूर वाचला: सदर मुलगी या गावात जन्मलेली नाही. कृष्णात तेव्हा झेरॉक्स काढायला तालुक्याला गेला होता. चूक झाली ती एवढीच.

"न्हाई म्हंजे?" तानुबाई उठली. निम्मी वाडी तिच्या हातावर जन्मलेली. "गलाईवाल्याचं प्वार, आन् गावात जल्मलं न्हाई? लेकराला भायरचं ठरवाय बसलाय व्हय रं? ह्या हातानं नाळ कापलीया तिची. लिव्ह."

"आवं आजी, कागदावर..."

"तुजी पण म्याच कापलीया. लिव्ह."

पाचही पंच तिच्याच हातचे. तिला खोटं कोण पाडणार? पाच अंगठे उठले. एका पंचाला तर त्या दिवशी वाडीत लाईट नव्हती, हेही आठवलं. दहा दिवसांत रीतसर दाखला आला. जन्मस्थळ, वाडी. सुईण, तानुबाई.

आज साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"मुली दोन?"

"एकच हाय, साहेब."

"कागद दोन आहेत. एक दत्तक, एक पोटची. नाव एक, वय एक." त्यांनी बराच विचार केला. "एक कमी करावी लागेल. पण जन्माची नोंद अशी खोडता येत नाही. मृत्यूची नोंद करून टाका, आपोआप बंद होईल." त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. आवाजात खरोखरच मदतीचा सूर होता. "वाडीची बंद करा. ती तशीही झालेलीच नाही."

हे खरंच होतं. कृष्णातने पेन उघडलं. सतरा दिवसांत पहिल्यांदा पाय थांबला. जन्मभर खोट वेगळी काढत आलेला माणूस. इथे तर ती समोर शिक्क्यासकट पडली होती. 'मयताचे नाव' याच्यापुढे त्याने 'समी' एवढं लिहिलं.

समीक्षा टाचा उंचावून बघत होती. देवनागरी अक्षरं ती काठमांडूतच शिकून आली होती.

"आमा," ती आईला नेपाळीत हाक मारून खुशीत म्हणाली, "माझं नाव."

राजेश्वरीने फॉर्म ओढून घेतला.

"आवं साहेब, अकरा वर्सं एकीची वाट बघितली," ती म्हणाली. "आता दोन मिळाल्या म्हणून एक मारू व्हय?"

साहेबांकडे यासाठी फॉर्म नव्हता.

एसटी वाडीत थांबली तशी राजेश्वरी दोन्ही कागद आणि समीक्षाला घेऊन थेट शाळेत गेली. शाळेचा पट अठरा होता. वीस भरला नाही तर शाळा बंद होणार, अशी बातमी होती. गुरुजींनी एक कागद पाहिला, दुसरा पाहिला, मग दप्तर लावलेली पोरगी पाहिली.

"वीस झाले," गुरुजी म्हणाले आणि पुढे काही विचारलं नाही.

सोमवारी एक समीक्षा शाळेत गेली. दुपारी कृष्णात अर्ज लिहायला बसला. राजेश्वरी सांगत होती, तो सरकारी भाषेत उतरवत होता. पाय पुन्हा हलायला लागला होता.

"प्रति, गटशिक्षणाधिकारी साहेब. माझ्या दोन मुली, कु. समीक्षा व कु. समीक्षा, यंदा इयत्ता पहिलीत दाखल झाल्या आहेत. दोघींपैकी एक रोज गैरहजर राहील. ती घरी आईजवळ आहे असे समजावे व तिचे नाव पटावरून कधीही कमी करू नये, ही नम्र विनंती."