जपानी बोलणं

१९७२ सालचा फेब्रुवारी. नागपुरात, महालातल्या विणकरांच्या एका बोळात जपानहून एक बाई आल्या होत्या, करवती काठाची साडी कशी विणतात ते शिकायला. नाव मात्सुबारा. मोडकंतोडकं हिंदी बोलायच्या आणि ज्याच्या त्याच्या नावाला 'सान' लावायच्या. आपण राव किंवा बाई लावतो, तसं.

तीन आठवडे रोज दुपारी त्या परात्यांच्या घरी कौसल्येजवळ बसून सुताच्या कांड्या भरत. कौसल्येला सगळे रवींद्रची माय म्हणत. या बाईंनी पहिल्याच दिवशी तिला कौसल्या-सान म्हटलं आणि तिला ते फार आवडलं. मग तिनेही सुरू केलं. शेजारची भागीरथा-सान झाली. गवळ्याला बाबूलाल-सान म्हणून हाक मारली, तेव्हा त्याने हातातलं माप खाली ठेवून मागे वळून पाहिलं. तुले आता जपानले धाडा लागते, असं भागीरथा चिडवायची. कौसल्या म्हणायची, धाडा ना, तिकीट कोण काढते ते सांगा.

जायच्या दिवशी बाईंनी एक साडी निवडली. जपानात प्रदर्शनात मांडायची होती, आणि खाली विणणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. विणकर सोसायटीचे गोपाळराव साडी घेऊन परात्यांच्या अंगणात आले. सगळा बोळ जमला. बाईंनी विचारलं, किसने बनाया? गोपाळरावांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

साडी विणली होती कौसल्येच्या नवऱ्याने, विश्वनाथने. मागच्या दिवाळीनंतर दीड महिना तो त्या साडीसाठी घरच्या मागावर बसला होता. तो तिथेच उभा होता, पायाच्या अंगठ्याने माती उकरत. सूत गोपाळरावांच्या हातून मिळायचं. म्हणून तो गप्प, आणि म्हणून बाकीचेही गप्प.

"इथं विणली हे," कौसल्या म्हणाली. "आमच्या घरी. यायनं."

बाईंनी कार्ड गुडघ्यावर ठेवलं. "नाम?"

गोपाळराव हसले. "सांग ना नाव. पाव्हणी पेन धरून बसली."

त्यांना ठाऊक होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, कौसल्येने नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. मागे दारात तिची सासू उभी होती, रुख्माबाई. तिचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली, तरी त्याचं नाव तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

कौसल्येने पदर सारखा केला. बाईंकडे पाहून, बोळाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "विश्वनाथ-सान."

विश्वनाथने मान वर केली.

"कौसल्ये," रुख्माबाई दारातून म्हणाली, "नवऱ्याचं नाव घेतलं वं तू?"

"नाही जी आत्याबाई. मी तं जपानी बोलून राहिली."

भागीरथा आधी हसली, मग सारा बोळ. गोपाळरावांचं हसू मात्र मावळलं.

परक्यांपुढे आपल्या घरच्या माणसाला सान लावायचं नसतं, ही जपान्यांची रीत कौसल्येला माहीत नव्हती. मात्सुबाराबाईंना होती. त्यांचा पेन क्षणभर थांबला. मग तिने म्हटलं तसंच त्यांनी लिहिलं, सानसकट, आणि उठून विश्वनाथला कमरेत वाकून नमस्कार केला.

गोपाळरावांनी पुढचे दोन महिने सूत अडवलं. मग बाहेरून त्याच हातच्या साडीची मागणी आली, तेव्हा स्वतः गाठोडं घेऊन आले. माग पुढे बंदच पडला. विश्वनाथ एका छापखान्यात लागला. तिथेही त्याला सगळे विश्वनाथ-सान म्हणत. मात्सुबाराबाईंनी एक फोटो पाठवला: काचेआड साडी, खाली कार्ड. अक्षरं कोणाला वाचता आली नाहीत, पण काय लिहिलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

रुख्माबाई एक्क्याऐंशी साली गेली. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात एका दुपारी तिने कौसल्येला खाटेजवळ बोलावलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं.

"मलेही एकदा जपानी बोलू दे वं," ती म्हणाली.

तिने पदर सारखा केला. मग हळूच म्हणाली, "नत्थू-सान."