कुणी हात लावला नाही की

सरांचं बोट कळेवर टेकणार, इतक्यात लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली.

"बघ, झोपले," त्यांच्या चाकाच्या खुर्चीमागून आई म्हणाली. "आठवडाभर हेच चाललंय. पुढ्यात ठेवला की थोडा वेळ बोट हलवतात, मग डोळे मिटून घेतात. अवाक्षर नाही."

सरांचा थोरला मुलगा खिडकीशी उभा राहून फोनवर पत्ता समजावत होता. शुश्रूषा केंद्राची गाडी निघाली होती. सरांचे कपडे, औषधं, चष्म्याचं घर, सगळं एका बॅगेत भरून दाराशी ठेवलेलं होतं. फोन ठेवून तो धाकट्या बहिणीकडे वळला.

"मी त्यांना रोज विचारलंय. तिथे राहाल का, म्हटलं. नको असतं तर लिहिलं असतं की. जन्मभर कुणाचं ऐकून घेतलं नाही त्यांनी, आता बरे गप्प बसतील!"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सरांनी जन्मभर टायपिंगचा क्लास चालवला. निम्म्या गावाची बोटं त्यांनी कळांवर बसवली. खाली बघणाऱ्याच्या हातावर पट्टी पडायची, आणि अनुस्वार गाळला की अख्खं पान पुन्हा. अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्यांचा आवाज गेला आणि दहांतलं एकच बोट उरलं. डोकं मात्र शाबूत होतं. त्या एका बोटाने ते या लॅपटॉपवर बोलायचे. एकेका अक्षराला एवढा वेळ लागायचा की समोरच्याचा जीव मेटाकुटीला यायचा, पण बोलायचे. मागच्या आठवड्यापर्यंत.

धाकटी आज सकाळीच प्रवास करून आली होती. ती स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसली. बाकीचे सरांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती स्क्रीनकडे बघत राहिली.

सरांनी डोळे उघडले आणि कळ दाबली. स्क्रीन उजळली, पासवर्डची रिकामी चौकट आली. बोट वर गेलं, हवेत थरथरलं, हवी ती कळ गाठून खाली आलं. चौकटीत एक ठिपका उमटला. बोट पुन्हा वर गेलं. ते अजून हवेतच होतं, तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. सरांनी डोळे मिटले.

"ते नाही झोपले, आई," धाकटी म्हणाली. "हा झोपला."

"अगं, ते मीच टाकलंय," थोरला म्हणाला. "बॅटरी सारखी उतरायची, आणि चार्जरची वायर खुर्चीच्या चाकाखाली यायची. म्हणून गेल्या आठवड्यात आलो त्या दिवशी एक छोटासा प्रोग्राम घातला. आपला मागे बसून लक्ष ठेवतो. कुणी हात लावला नाही की झोपवून टाकतो."

"आणि पासवर्ड कशाला?"

"रात्री बाबांना सांभाळायला येणाऱ्या बाई त्यावर सिनेमे बघायच्या. बाबांना सांगितलाय की मी. आईचंच नाव आहे, विसरण्यासारखं आहे का?"

"विसरले नाहीत रे दादा. तेच तर लिहितायत. एक अक्षर होतं, दुसरं व्हायच्या आत हा झोपतो. मग पुन्हा पहिल्यापासून."

आठवडाभर हा माणूस बायकोचं नाव लिहीत होता, आणि तेवढंही त्याला पुरं करता आलं नव्हतं. आईने खुर्चीची पाठ घट्ट धरली. थोरल्याची मान खाली गेली.

मग तो पुढे झाला. आईचं नाव टाइप केलं, प्रोग्राम शोधला, काढून टाकला. त्याची बोटं झरझर चालत होती. सरांनीच बसवलेली होती ती.

"बॅटरी उतरेल पण," तो सवयीने बोलून गेला.

"उतरू दे," आई म्हणाली. "लाव तो चार्जर. वायर मी धरते." आणि ती खरंच वायर चाकावरून उचलून हातात धरून उभी राहिली.

थोरला सरांसमोर वाकला. "बाबा, गाडी येतेय. जायचं ना तुम्हाला?"

बोट वर गेलं. सगळ्यांचे डोळे त्याच्यामागोमाग. कोऱ्या पानावर 'थ' उमटला.

"थकलो," थोरला लगेच म्हणाला. "थकलोय म्हणतायत. मी म्हणतच होतो, त्यांनाही आता—"

"दादा, गप्प बस जरा."

बोट पुन्हा वर गेलं, पुन्हा थरथरलं, खाली आलं. काना. थोरल्याचा शब्द मोडला. त्याने दुसरा शब्द सुचवला नाही.

खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. बोट क्षणभर अडखळलं, पण मागे फिरलं नाही. अनुस्वार आला. तो गाळणं सरांच्या रक्तातच नव्हतं. मग बऱ्याच वेळाने 'ब'.

थांब.

"गाडीला म्हणतायत का?" आईने हळूच थोरल्याला विचारलं. "की तुला?"

शब्दापुढची रेघ उघडमीट करत होती, स्क्रीन उजळलेलीच होती, आणि सरांचं बोट पुन्हा वर निघालं होतं.

दारावरची बेल वाजली. थोरल्याने जाऊन दार उघडलं. गाडीवाला उंबऱ्यावर उभा होता, त्याने बॅगेला हात घातला. थोरल्याने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"जरा थांबावं लागेल," तो म्हणाला. "बाबा बोलतायत."