जड झालेली अंगाई

तिच्या लहानपणी बाबांनी म्हटलेली अंगाई कॅसेटवरून उतरवून त्यांच्याच जुन्या कॉम्प्युटरवर ठेवलेली होती, माडीवरच्या खोलीत. खाली लॅपटॉपवर ती नेटवर्कवरून लावली की तान्ही लेक निजायची. बाबा नातीला न पाहताच गेले. तेवढाच काय तो आजोबांचा सहवास.

हल्ली मात्र ती फाइल उघडता उघडत नव्हती. आज दुपारी लेक रडून लालबुंद झाली, तेव्हा तिने भावाला फोन लावला.

"दादा, वायर बदलली, राउटर बंद-चालू केला. ढिम्म हलत नाही बघ!"

"बाकीच्या फाइली?"

"पटापट उघडतात."

"मग हीच जड झाली असेल. आकार बघ."

आकार डोळ्यांदेखत वाढत होता.

"अगं वेंधळे, म्हणजे अजून रेकॉर्डिंग चालू आहे! वर माइक लावलायस का?"

"वर माइकच नाही, दादा."

तेवढ्यात फाइल उघडली. तीच अंगाई, शेवटी तोच दबका खोकला आणि "झोपली माझी ठमी." इथे ती संपायची.

मांडीवरची लेक एकदम गप्प झाली.

"आणि ही धाकटी?" बाबा कुजबुजले. "ही तर टक्क जागी आहे. थांब हं, मीच येतो खाली."